बोलता येतं म्हणजे विचार करता येतो का?

प्रश्न टाइप केला की हल्ली पडद्यावर काही क्षण फिकट अक्षरांत ओळ येते: 'विचार सुरू आहे…'. मग खाली वाक्यं सरकू लागतात. 'आधी प्रश्न नीट समजून घेऊ', 'इथे एक अडचण दिसते', 'थांबा, हे चुकलं, पुन्हा बघतो'. आणि शेवटी उत्तर. पलीकडे कुणीतरी डोकं खाजवत बसलंय असं वाटल्याशिवाय राहत नाही. आत काय चालतं ते थोडंफार ठाऊक असूनही मला तसंच वाटतं.

यावरून सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, हा यंत्रात घातलेला मेंदूच आहे. दुसरा म्हणतो, ही निव्वळ पोपटपंची. मला विचाराल तर दोन्ही तटांची गफलत एकाच ठिकाणी होते. बोलणं आणि विचार करणं ही एकच गोष्ट आहे असं दोघंही धरून चालतात. आजवर तसं धरलं तरी बिघडत नव्हतं, कारण मुद्देसूद बोलणारा जो कुणी भेटायचा तो माणूसच असायचा. ही जोडी आता फुटली आहे.

## आत नेमकं काय चालतं?

'आयत्या बिळावर' एवढं ऐकलं की मनात नागोबा आलाच. 'नाचता येईना' म्हटलं की अंगण वाकडं झालंच. भाषा-मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांच्या पोटातली यंत्रणा, याच जातीचं काम करते. आतापर्यंतचा मजकूर पाहायचा आणि पुढे काय येईल ते ठरवायचं. फरक इतकाच की ती अख्ख्या शब्दांऐवजी शब्दांच्या तुकड्यांवर काम करते. या तुकड्याला टोकन म्हणतात. छोटा, नेहमीचा शब्द बहुधा एकाच तुकड्यात बसतो. 'समजावण्यासाठी'सारखा लांबलचक शब्द अनेक तुकड्यांत फुटतो. (मोठमोठी गणितं सोडवणारं मॉडेल एखाद्या शब्दातली अक्षरं मोजताना अडखळतं ते यामुळेच. त्याच्यापुढे अक्षरं नसतात, तुकड्यांचे क्रमांक असतात.)

एक तुकडा निवडायचा, तो मजकुराला जोडायचा, वाढलेला मजकूर विचारात घेऊन पुढचा निवडायचा. 'आयत्या बिळावर'नंतरची निवड सोपी आहे. 'काल मी घरी पोचलो तेव्हा' यानंतर मात्र शेकडो वाटा फुटतात. मॉडेल प्रत्येक वाटेला शक्यतेचा आकडा देतं आणि त्यांतली एक उचलतं. तोच प्रश्न दोनदा विचारला की उत्तराचे शब्द बदलतात ते म्हणून.

हे आकडे ठरतात कसे? मॉडेलच्या आत प्रचंड मोठ्या प्रमाणात संख्या साठवलेल्या असतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात, आपण खुंट्या म्हणू, तारवाद्याला असतात तशा. २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये अशा १७५ अब्ज खुंट्या होत्या. शिकवताना मजकूर दाखवायचा, पुढचा तुकडा झाकायचा आणि ओळखायला लावायचं. चुकलं की साऱ्या खुंट्या केसभर अशा पिळायच्या की पुढच्या वेळी चूक कमी होईल. जीपीटी-३ च्या बाबतीत हे सुमारे ३०० अब्ज तुकड्यांवर झालं. त्यांतले शब्द सव्वादोनशे अब्ज धरले आणि मिनिटाला २५० शब्दांच्या वेगाने, झोप न घेता, कुणी वाचत सुटलं तरी १,७०० वर्षं लागतील.

व्याकरणाचे नियम कुणी त्यात लिहून भरले नाहीत. कर्ता-कर्म-क्रियापद शिकवलं नाही. ते सगळं खुंट्या पिळता पिळता आलं. त्यामुळे कुठली खुंटी कशासाठी आहे हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. ते मागाहून खणून काढावं लागतं. त्या खोदकामात मिळालेल्या दोन-तीन गोष्टी पुढे येतीलच.

## 'न्यूरल' या नावाने केलेला घोळ

या यंत्रणेला न्यूरल नेटवर्क म्हणतात, आणि निम्मा घोळ या नावानेच केला आहे. १९४३ मध्ये वॉरन मॅक्क्युलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी मेंदूतल्या चेतापेशीचं अगदी साधं गणिती रूप मांडलं. येणाऱ्या संदेशांची बेरीज करायची, ती ठराविक पातळीच्या वर गेली तर पुढे संदेश धाडायचा, नाहीतर गप्प बसायचं. आजच्या मॉडेलांतला 'न्यूरॉन' हा त्याच कल्पनेचा वंशज आहे. नाव टिकलं आणि खऱ्या चेतापेशीशी असलेलं नातं पातळ होत गेलं.

किती पातळ? मेंदूच्या बाह्यस्तरातल्या एकाच चेतापेशीची हुबेहूब नक्कल करायला ५ ते ८ थरांचं अख्खं न्यूरल नेटवर्क लागतं, असं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं. आणि अख्ख्या मेंदूत सगळ्या मिळून चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आहेत. हा सगळा संसार चालतो साधारण २० वॉट विजेवर.

शिकण्याची पद्धतही वेगळी आहे. कुठे किती चुकलं याचा हिशेब शेवटाकडून मागे मागे नेत प्रत्येक खुंटीपर्यंत पोचवायची जी युक्ती आज वापरतात, ती १९८६ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधामुळे सर्वांपर्यंत गेली. तीनच वर्षांनी फ्रान्सिस क्रिक यांनी, म्हणजे डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतल्या क्रिक यांनीच, त्यावर बोट ठेवलं: खऱ्या चेतापेशीत संदेश एका दिशेने जातो, मग चुकांचा तो हिशेब त्याच वाटेने उलटा येणार कसा? मेंदू त्याच्याशी मिळतंजुळतं काही वेगळ्या वाटेने करत असेल का, यावर अजून वाद आहे.

## 'पण मेंदूही पुढचा शब्दच ओळखतो ना?'

हो, ओळखतो. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो.

१९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला विद्युतअग्रं लावून त्यांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. एका वाक्यात गरम पावाला काहीतरी लावल्याचं वर्णन होतं आणि अगदी शेवटी शब्द आला 'मोजे'. असा विजोड शब्द दिसताच सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक खळगा उमटला. मेंदू नुसता वाचत नव्हता, त्याची काही अपेक्षा होती आणि ती मोडली होती.

त्यापुढची पायरी २०२२ ची. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत विद्युतअग्रं बसवलेल्या ९ रुग्णांना एक ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकवला. शब्द कानावर पडण्याआधीच त्या शब्दाची चाहूल मेंदूच्या संदेशांत सापडत होती. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी ४३ भाषा-मॉडेलं घेऊन त्यांच्या आतले आकडे आणि वाक्यं वाचणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या हालचाली ताडून पाहिल्या. पुढचा शब्द ओळखण्यात जे मॉडेल जितकं तरबेज, तितके त्याचे आकडे मेंदूच्या हालचालींशी अधिक जुळत होते.

हे साम्य खरं आहे, ते झटकून टाकता येणार नाही. पण त्यातून काय सिद्ध होतं तेही पाहू. भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आहे आणि मनगटावर क्वार्ट्झचं. दोघांचे काटे दिवसभर बरोबर जुळतात. एकावरून दुसऱ्याची वेळ बिनचूक सांगता येते. पाठ उघडली तर एकात लंबक आणि दुसऱ्यात थरथरता स्फटिक. काटे जुळले म्हणून यंत्र एकच ठरत नाही. आणि दुसरी गोष्ट, हे जुळलेले काटे मेंदूतल्या भाषेच्या भागातले आहेत. अख्ख्या मेंदूतले नव्हेत.

## भाषा गेली, डोकं शाबूत

पक्षाघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की काही जणांची भाषा जाते. याला अफेजिया म्हणतात. शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, दुसऱ्याचं बोलणं उलगडत नाही. आता विचार जर भाषेतच होत असेल, तर अशा माणसाचा विचारही आटायला हवा.

तसं होत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे तिघे रुग्ण होते. 'माणसाने सिंहाला मारलं' की 'सिंहाने माणसाला मारलं', यांतला फरक त्यांना इंग्रजी वाक्यातून कळत नव्हता. (इंग्रजीत तो फरक नुसत्या शब्दांच्या क्रमावर असतो; आपल्याकडे 'ने' आणि 'ला' मदतीला येतात.) पण ५९ मधून १३ वजा करणं आणि १३ मधून ५९ वजा करणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कंसांची गणितंही ते सोडवत. वाक्यातला क्रम गेला होता, गणितातला राहिला होता. अफेजिया असूनही बुद्धिबळ खेळणारे रुग्ण आहेत. धडधाकट माणसांच्या मेंदूच्या चित्रणातही हेच दिसतं: आकडेमोड करताना भाषेचे भाग जवळजवळ गप्प असतात. मेंदूसंशोधक एव्हलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हा सगळा पुरावा एकत्र मांडून म्हटलं की भाषा हे मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचाराचं नव्हे.

हे एकदा ध्यानात आलं की मॉडेलकडे पाहण्याची नजर बदलते. अफेजियात विचार भाषेशिवाय तगतो. मग भाषाही विचाराशिवाय, किंवा भलत्याच प्रकारच्या विचारासह, तगू शकेल यात चकित होण्यासारखं काय? चकित होतो ते बोलण्यावरून माणूस जोखायची सवय हाडीमाशी खिळली आहे म्हणून. १९६६ चा एलायझा हा प्रोग्राम तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी लोक त्याच्याजवळ मन मोकळं करू लागले आणि तो लिहिणारे जोसेफ वायझेनबाउम हादरले. हीच सवय उलट्या बाजूनेही चावते. अफेजिया झालेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून लोक त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात, त्याला काही कळत नाही असं धरून. माझ्या मते यंत्राला शहाणं समजण्यापेक्षा ही चूक कितीतरी वाईट आहे.

## 'मग ही पोपटपंचीच झाली की!'

तेही नाही.

ओथेल्लो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा, ८ बाय ८ चौकटींच्या पटावरचा खेळ आहे. संशोधकांनी एका छोट्या मॉडेलला त्याच्या डावांतल्या खेळ्यांच्या नुसत्या याद्या दिल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत, हा खेळ आहे हेसुद्धा सांगितलं नाही. काम नेहमीचंच: पुढची खेळी ओळख. मॉडेल नियमात बसणाऱ्या खेळ्या सांगू लागलं. मग त्याच्या आतले आकडे उकरले, तर तिथे पटाचं चित्र तयार झालेलं होतं: कुठल्या घरात कुठली सोंगटी. ते आतलं चित्र मुद्दाम बदललं, तेव्हा पुढच्या खेळ्याही बदललेल्या पटाप्रमाणे आल्या. पोपटाच्या डोक्यात पट नसतो.

दुसरं उदाहरण २०२५ चं, अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी त्यांच्याच क्लॉड या मॉडेलमध्ये पाहिलेलं. डॅलस शहर ज्या राज्यात आहे त्याची राजधानी कोणती? उत्तर ऑस्टिन. हे वाक्य कुठेतरी वाचून पाठ झालं असेल असं म्हणता आलं असतं. पण आत डोकावल्यावर मधली पायरी दिसली: आधी 'टेक्सास' जागं होतं, मग ऑस्टिन. त्या जागी 'कॅलिफोर्निया' बसवलं, तर उत्तर सॅक्रामेंटो आलं. दोन पायऱ्यांचा खराखुरा तर्क.

तेव्हा 'फक्त पुढचा शब्द ओळखतं' यातला 'फक्त' दिशाभूल करतो. पुढचा शब्द नीट ओळखायचा तर कधी कधी जगाचा छोटा नकाशा आत उभा करावा लागतो, आणि मॉडेल तो करतं. त्या नकाशाची भोकं मात्र भलत्याच जागी असतात. टॉम क्रूझच्या आईचं नाव बरोबर सांगणारं मॉडेल, त्याच नावाच्या बाईंचा मुलगा कोण असं उलटं विचारल्यावर गडबडलं, हे २०२३ मध्ये दिसून आलं. आई माहीत असलेल्या माणसाला मुलगा वेगळा शिकवावा लागत नाही.

## शिकणं आणि आठवण

हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा काढला गेला. जुन्या बऱ्याच आठवणी राहिल्या, बोलणं उत्तम राहिलं, पण त्यानंतर घडलेलं काही टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्याने ओळख करून द्यावी लागे. २००८ मध्ये ते वारले, तोवर हे असंच चाललं.

मॉडेलची अवस्था मला या गोष्टीच्या सर्वांत जवळची वाटते. खुंट्या पिळून झाल्या की घट्ट बसवल्या जातात. तुमच्याशी गप्पा मारताना त्यांतली एकही हलत नाही. संभाषण जोवर त्याच्यापुढे उलगडलेलं आहे तोवर त्याला सगळं 'आठवतं'. नवी खिडकी उघडली की पाटी कोरी. काही कंपन्या 'स्मृती' नावाची सोय देतात, पण तीही साधारणपणे तुमच्याविषयीच्या टिपणांची चिठ्ठी असते, संभाषणाच्या सुरुवातीला गुपचूप वाचायला दिलेली.

साम्य इथेच तुटतं. मोलेसन यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली होती. आदल्या दिवशी गिरवल्याचं त्यांना आठवत नसे, तरी दिवसेंदिवस त्यांचा हात सुधारत गेला. स्मृती गेलेल्या मेंदूतही खुंट्या हलत होत्या. मॉडेलमध्ये तेवढंही होत नाही.

आणि खुराक. मूल तेराव्या वर्षापर्यंत जेमतेम १० कोटी शब्द ऐकतं असा अंदाज आहे. जीपीटी-३ ने त्याच्या दोनेक हजार पट मजकूर गिळला.

## 'पण त्याला भावना, जाणीव…?'

हा प्रश्न वेगळा आहे आणि बऱ्याचदा उगाच यात मिसळला जातो. मेंदू आधी शरीर चालवतो: भूक, श्वास, भीती, झोप. शब्द त्यामानाने फार उशिरा आले. मॉडेलला सांभाळायला शरीर नाही, त्यामुळे कंटाळा, तहान असं काही त्याच्या उत्तरामागे नसतं. जाणिवेबद्दल म्हणाल तर ती मोजायचं सर्वमान्य माप माणसासाठीही ठरलेलं नाही. त्यामुळे 'आहेच' किंवा 'शक्यच नाही' असं छातीठोकपणे सांगणारा भेटला, तर तो कशाच्या आधारावर बोलतोय ते आधी विचारावं.

## 'त्यालाच विचारून पाहिलं तर?'

सर्वांत सोपा उपाय वाटतो खरा. 'तू हे कसं काढलंस?' असं विचारायचं.

वर सांगितलेल्या, क्लॉडच्या आतल्या खोदकामात ३६ अधिक ५९ ही बेरीजही होती. उत्तर बरोबर आलं, ९५. आत मात्र दोन वाटा एकाच वेळी चालू होत्या. एक वाट ढोबळ अंदाज बांधत होती, ९२ च्या आसपास काहीतरी. दुसरी फक्त शेवटचा अंक पाहत होती: ६ आणि ९, म्हणजे शेवटी ५ येणार. दोन्ही एकत्र आल्या आणि ९५ पडले. मग मॉडेलला विचारलं, कसं केलंस? ते म्हणालं, ६ आणि ९ ची बेरीज केली, १ हातचा घेतला, मग दशकांची बेरीज केली. पाठ्यपुस्तकातलं उत्तर. आत घडलं होतं ते हे नव्हतंच.

लेखाच्या सुरुवातीला म्हटलेल्या त्या फिकट अक्षरांतल्या ओळींचंही तेच आहे. त्यांचा उपयोग होतो. लिहीत लिहीत गेल्याने मॉडेलला कच्च्या कामाला जागा मिळते आणि अवघड गणितात उत्तर सुधारतं. पण त्या ओळी म्हणजे आतल्या कामाचा पंचनामा नव्हे. प्रश्नात मुद्दाम पेरलेल्या इशाऱ्यावरून मॉडेलने उत्तर काढलं आणि 'विचारां'त त्या इशाऱ्याचा उल्लेखच केला नाही, असं प्रयोगांत अनेकदा आढळलं आहे. म्हणून उत्तर तपासायचं ते उत्तरावरून: आकडा पुन्हा मांडून, संदर्भ उघडून. त्याचं स्पष्टीकरण पटलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.

आता यावर 'पाहा, कसं खोटारडं आहे' असं म्हणण्याआधी माणसांचे दोन प्रयोग. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी लोकांपुढे पायमोज्यांचे ४ जोड मांडले आणि सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. सर्वांत जास्त जणांनी अगदी उजवीकडचा उचलला. का? वीण छान आहे, पोत चांगला आहे. चारही जोड एकसारखे होते. जागेमुळे निवडला असं एकानेही म्हटलं नाही.

दुसरा प्रयोग मायकेल गझॅनिगा यांचा. मेंदूचे दोन अर्धे उपचारासाठी एकमेकांपासून तोडलेल्या एका रुग्णाच्या डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाचं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने फावडं. फावडं का, असं विचारल्यावर उत्तर द्यायची पाळी आली बोलणाऱ्या, म्हणजे डाव्या अर्ध्यावर. त्याने बर्फ पाहिलेलाच नव्हता. पण तो क्षणभरही अडला नाही: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!

बोलणारा भाग करणाऱ्या भागाच्या वतीने, न पाहिलेल्या गोष्टीचा, आत्मविश्वासाने खुलासा करतो. मेंदू आणि मॉडेल यांच्यातलं मला सापडलेलं सर्वांत अस्वस्थ करणारं साम्य हे, आणि ते हुशारीतलं नाही.

हे लिहिताना मी ती बेरीज स्वतः करून पाहिली. मी हातचा घेतला नाही. ३६ मध्ये ६० मिळवले आणि १ काढून टाकला. निदान मला तरी तसं वाटतं.